सासूबाईंचे दोन दात आणि बावीसची रायफल

केंटकीच्या डोंगरातल्या ऑर्लीनाबाईंनी जन्मभर खारी मारल्या त्या छऱ्याच्या बंदुकीने. पण एका रविवारी खारीच्या रश्श्यात राहिलेला छरा सासूबाईंच्या दाताखाली आला आणि उरल्यासुरल्या तीन दातांतला एक गेला. सोमवारी ऑर्लीनाबाई बंदुकीच्या दुकानात हजर!

"डेल्मर, रायफल दाखव. दर गोळीआधी हाताने बोल्ट ओढायची. एक खार, एक गोळी."

दुकानदार डेल्मरने सतराची, म्हणजे बारीक पण फार वेगवान गोळीची रायफल पुढे केली. "ही घ्या मावशी, विजेसारखी सुटते."

"आणि खारीचं काय उरतं?"

"शेपूट!" कोपऱ्यातला एक म्हातारा खिदळला.

"मला शेपटीचा रस्सा करायचा नाही. साधी बावीसची दे."

"तिची गोळी संथ, खारीच्या फार जवळ जावं लागतं हो."

"मग जाईन."

सत्तावन्नाव्या वर्षी ही बाई खारींच्या आवडत्या हिकरीच्या झाडाखाली दगडासारखी बसायला शिकली. पहिला आठवडा सगळे नेम हुकले, तरी ती जातच राहिली. दुसऱ्या शनिवारी चार खारी मिळाल्या, चारींच्याही नेमकी डोक्यात गोळी बसलेली.

सासूबाईंनी रस्सा सावकाश, प्रत्येक घास चाचपत खाल्ला. "छरा नाही लागला," त्या म्हणाल्या, "पण मीठ कमी पडलंय गं."

ऑर्लीनाबाईंनी हसून मिठाचं भांडं पुढे सरकवलं.