आईची काळजी

इंग्रजीत 'सॉलिसिटस' असं एक विशेषण आहे. शिकवताना मी फळ्यावर त्याचे दोन अर्थ लिहिते: काळजी घेणारा आणि काळजीत पडलेला. मुलं विचारतात, "मॅडम, नक्की कोणता?" आपल्या 'काळजी'चं तरी कुठं नक्की असतं, बाबांनो. त्या शब्दानं एकदा माझा जीवच काढला होता.

दुष्काळाचं साल होतं. आईवडील सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला गेले होते, आई सात महिन्यांची गरोदर. मी नववीत होते. धाकट्या बहिणीला घेऊन शिरूर कासारजवळ मावशीच्या गावी राहत होते. गावात फोन एकच, दूध सोसायटीत. तिथं आईचा निरोप आला. सेक्रेटरी शब्दांचे भलते कंजूष. त्यांनी चिठ्ठी धाडली: 'आईची काळजी. कळवणे.'

आईलाच काहीतरी झालं, असं मी धरून चालले. कोयता लागला असेल, की बाळाचं काही? सेक्रेटरी परगावी लग्नाला गेलेले, सोसायटीला कुलूप. दोन दिवस मी त्या कुलपापुढं चकरा मारल्या. चारा छावणीचा ट्रक कारखान्याकडं गुरांसाठी उसाचे वाढे आणायला निघाला होता. ड्रायव्हरजवळ मी आईसाठी चिठ्ठी दिली: 'लई काळजी आहे. लगेच कळवा.' कुणाची, ते मीही लिहिलं नाही. शहाणी ना मी.

चिठ्ठी दिल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तोच ट्रक दारात थांबला आणि केबिनमधून आई उतरली. तिनं आधी धाकटीला चाचपलं, मग मला.

"कोन आजारी हाय?"

"आमी बऱ्या हाव. तुलाच काय झालंय?"

"मला काय हुतंय? पोरींची काळजी लागलीय, खुशाली कळवा, एवढंच म्हनले हुते मी."

बोलता बोलता ती पोट धरून उंबऱ्यावर बसली. एवढा लांबचा रस्ता ती खड्ड्यांतून आदळत आली होती. "सकाळपासनं बाळ हललं न्हाई," ती हळूच म्हणाली.

मावशी पाणी आणायला धावली. मी आईच्या पोटावर हात ठेवला. तिला इथवर आणणारी चिठ्ठी माझी होती. बराच वेळ काहीच हाताला लागलं नाही. मग तळहाताला बारीकशी लाथ बसली.

"चिठ्ठीत नाव तरी लिवावं का न्हाई," आई म्हणाली. बाळ पुन्हा एकदा हलेपर्यंत मी हात काढला नाही.