रस्त्यावर मी गात होते

आधी अक्कांचं सांगते, कारण त्यांना सोडून सुरुवात केली तर तोंडातून नुसत्या शिव्याच येतील. कोल्हापुरात बँडवाल्यांचे ड्रेस शिवणाऱ्या या बाई. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणं. माहेर कर्नाटकच्या हद्दीलगतचं, त्यामुळे सासूशी कन्नडमध्ये भांडतात आणि गिऱ्हाइकाशी मराठीत. मला गाणं त्यांनी शिकवलं नाही. त्यांना सूर कळतो असंही मला वाटत नाही. पण आज मी गाते आहे ती त्यांच्यामुळे, आणि हे कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं, कारण दुसऱ्याच एका माणसाने ते आपल्या नावावर लावून घेतलंय.

मी भंडाऱ्याकडची. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे सोडवली. ताईला बाळ झालं, भाऊजी इथल्या फाउंड्रीत कामाला, बाळाला धरायला कुणीतरी हवं. म्हणून मला एवढ्या लांब आणलं. आमची खोली अक्कांच्या दुकानावर. बाळाला खांद्यावर घेऊन मी गॅलरीत गात असायची. परक्या गावात सतत धास्ती: दूध उतू जाईल, बाळ पडेल, आपण बोललो की लोक हसतील. हसायचेही. मी "मले द्या" म्हटलं की दुकानदार आतल्या माणसाला बोलावून पुन्हा म्हणायला लावायचा. गाताना तेवढं कुणी हसायचं नाही.

एकदा बँडमास्तर कोट अंगावर घालून बघायला आले होते. अक्कांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि वर बोट केलं.

"ऐकू येतंय न्हवं? तुमची गाणारी लगीन करून गेली म्हणून रडत हुतासा की. हिला घ्या."

"पोरगी कुठली?"

"कुठली का असंना. गळा हाय का न्हाय ते बोला."

अशी मी बँडच्या गाडीमागे माईक धरून चालू लागले. वरातीत गाणं संपलं म्हणून थांबायचं नसतं. मास्तरांचा हात वर जाईल तेव्हा थांबायचं. पुढे चौकात बस अडकलेली असते, नवरदेवाचे मित्र नाचायचे थांबत नाहीत, घोडा हलत नाही. तोवर शेवटची ओळ फिरवत राहायची. तशीच म्हटली तर लोक कंटाळतात, म्हणून दर वेळी वेगळी. इथे ओढून, तिथे तोडून, कधी शब्द टाकून देऊन नुसता आवाज. सॅक्सोफोनवाले चाचा माझ्याकडे बघत आणि मी सोडलेलं टोक उचलत. हे काही वेगळं आहे असं मला वाटलंच नव्हतं. काम होतं ते.

एका वरातीत पाहुणा म्हणून आलेल्या गिटारवाल्याला मात्र ते वेगळं वाटलं. हा कोल्हापूरचाच, पुण्यात शिकून आलेला, जॅझचा ग्रुप काढलेला. "तुम्ही जे करताय त्याला जॅझ म्हणतात, माहितीये?" मला कुठलं माहीत! त्याने मोबाईलवर जुन्या गायिका ऐकवल्या. त्यातली एक बाई शेवटची ओळ अशी काही धरून बसली होती की मला वाटलं, हिच्याही पुढे कुठेतरी रस्ता अडलाय.

दोन वर्षं मी दर शनिवारी संध्याकाळी एका कॅफेत त्याच्या ग्रुपबरोबर गायले. इंग्रजी गाणी देवनागरीत लिहून पाठ केली, अर्थ तो सांगायचा. मी इतकी आभारी होते की त्याने पाण्याचा ग्लास सरकवला तरी थँक्यू म्हणायची. याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. शाळा सुटलेल्या माणसाला आभार मानायची खोडच लागते. कुणी खुर्ची पुढे केली तरी वाटतं, चुकून केली असेल.

भाऊजींना वरातीतलं गाणं पसंत नव्हतं, ते त्यांनी सोडायला लावलं; कॅफेतलं चालायचं. "हॉलमध्ये गाते तोवर ठीक आहे. पुन्हा बँडच्या मांगं फिरली तं गाडीत बसवून देईन घरी." म्हणजे माझं गाणं आणि माझं कोल्हापुरात राहणं, दोन्ही त्या ग्रुपवर टांगलेलं.

मग मोठ्या नाट्यगृहात कार्यक्रम ठरला, आणि इंग्रजी गाण्यांसाठी पुण्याहून दुसरी मुलगी आली. "उच्चारांचा प्रश्न आहे," गिटारवाला म्हणाला. त्या मुलीचा काही दोष नाही, माझ्या पदराला पिन तिनेच लावून दिली. मला एकच गाणं, तेही मराठी, नऊवारी नेसून, कोल्हापुरी ठसक्यात.

"पण मी भंडाऱ्याची आहो," मी म्हटलं.

"खाली बसलेल्याला काय कळतंय!"

माईकवर त्याने माझी ओळख करून दिली. "हा आवाज मी अक्षरशः रस्त्यावरून उचललाय." टाळ्या. मी हात जोडले. आतून जळत होते. रस्त्यावर मी गात होते. पडलेली नव्हते.

गाणं शेवटच्या ओळीला आलं आणि तालमीत ठरल्याप्रमाणे सगळे थांबले. मी थांबले नाही. रागाने नाही, खरंच सांगते, सवयीने. कुणाचा हात वर गेला नव्हता. गिटार बंद, ड्रम बंद, आणि मी ती ओळ फिरवतेय, डोळे मास्तरांना शोधतायत. मास्तर कुठले असणार तिथे! मी ओळ मधेच तोडली, पुन्हा खालून उचलली. मग ड्रमवाल्याने हळूच माझ्यामागे ताल धरला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "हाण तिच्या आयला! वाजवा की!" लोक उभे राहिले. शेवटी गिटारवाल्याने वैतागून हात वर केला, आणि मी लगेच थांबले.

"एक ठरलेलं गाणं धड संपवता येत नाही? वरात आहे का ही? उद्यापासून येऊ नका," तो पडद्यामागे म्हणाला. आणि मी, मूर्ख, त्यालाही सॉरी आणि थँक्यू म्हणाले.

पेपरात त्याचा फोटो आला. गाणं अखेरीला मोकळं सोडण्याचा धाडसी प्रयोग त्याने केला म्हणे. माझा उल्लेख होता, स्थानिक लोकगायिका. स्थानिक! मी! ते वाचून मी हसले की रडले ते ताईला विचारा.

भाऊजींनी तिकीट काढलं. मी पिशवी भरून जिन्यापाशी उभी, तेवढ्यात गळ्यात टेप तसाच घेऊन अक्का वर आल्या.

"ओ पावणं, पोरगी कुठं निघाली?"

"घरी. काढलं तिले त्यायनं. संपलं तिचं गाणं."

"त्यांच्यातनं काढलं. गळ्यातनं काढलं व्हय?"

"अक्का, पोरगी बँडच्या मांगं फिरली म्हणून सोयरे अजून नावं ठेवतात."

"माझा नवरा त्याच बँडात ट्रम्पेट वाजवत मेला. मग मलाबी ठिवा नावं. ठिवा की, तोंडावर ठिवा!"

भाऊजी दाराच्या कडीशी चाळा करत राहिले. ताई आतून म्हणाली, "बाळ शाळेत जाते आता. मलेच तिची गरज नाही, तं तिले तिच्या मनानं राहू द्या."

"माझ्या दुकानात ऱ्हाईल," अक्का म्हणाल्या. "काज-बटण करंल, खाईल, गाईल." आणि माझी पिशवी उचलून खाली गेल्यासुद्धा.

तेव्हापासून मी दुकानाच्या मागच्या खोलीत राहते. लग्नसराईत वराती, एरवी चाचा, मी आणि तो ड्रमवाला कुणी बोलावेल तिथे जॅझ करतो, माझे उच्चार आहेत तसे. गिटारवाला अजून मुलाखतींत रस्त्यावरून उचलल्याचं सांगतो. ऐकलं की हातातली सुई बोटात जाते. हा राग कमी व्हावा असं मला वाटत नाही.

पण अक्कांचं देणं रागाने फिटत नाही. लग्नसराईत ड्रेसची कामं एवढी असतात की दुकान बंद ठेवता येत नाही, म्हणून अक्का इतक्या वर्षांत माहेरच्या एकाही लग्नाला गेलेल्या नाहीत. भाचरांच्या हळदीचे फोटो मशीनवर बसूनच बघतात. मला अजून कोटाची बाही नीट बसवता येत नाही. शिकतेय. ज्या वर्षी जमेल, त्या वर्षीच्या लग्नसराईत मी एकही वरात घेणार नाही. दुकानात बसेन, मास्तरांचे कोट शिवेन, आणि अक्का माहेरच्या लग्नाला हळदीआधी पोचतील आणि पाहुणे पांगले तरी परतणार नाहीत. त्यांना हे सांगितलं तर "गप काज कर" म्हणतील. म्हणू देत. मी हे करणार आहे.