नेस्ट बॉक्समध्ये भुसा टाकायला काय होतं?

कियाओरा, नमस्कार मंडळी, डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

आई सध्या आमच्याकडे आहे. दिवसभर घरात एकटीच असते, म्हणून तिच्यासाठी बजी, म्हणजे छोटा पोपट, घ्यायला आज आम्ही दोघी ऑकलंडमधल्याच बॉटनी डाउन्सला पक्षी विकणाऱ्या एकाकडे गेलो. आपलाच मराठी माणूस. त्याने नेस्ट बॉक्स उघडला. चार पिल्लांतलं सगळ्यात लहान पोटावर पडलेलं, पाय बेडकासारखे फाकलेले. खाली नुसतं गुळगुळीत प्लायवूड!

“अहो, भुसा का नाही घातला? घसरून घसरून पाय फाकतात त्यांचे,” मी म्हटलं.

“ते डिफेक्टिव्ह आहे, जाईल. तुम्ही बाकीची तीन बघा.”

“जाईल म्हणजे?” आई कडाडली. “जिवंत आहे ना ते?”

आमच्याकडे पूर्वी असलेल्या एका पिल्लाचे असेच पाय व्हेटने कसे सरळ केले, ते मी पाहिलं होतं. गाडीतल्या फर्स्ट एड किटमधली मऊ टेप आणली. आईने पिल्लू ओंजळीत धरलं, मी त्याचे पाय त्याच्या अंगाखाली घेऊन सैलसर बांधले. हाडं कोवळी असेपर्यंतच हे जमतं. भुशाची अख्खी पिशवी त्याच्या गॅरेजमध्येच पडलेली, गिनीपिगसाठी! तो भुसा बॉक्समध्ये पसरून पिल्लू परत ठेवलं. मादीने लगेच भरवलं. “रोज टेप बघा, व्हेटला दाखवा,” असं बजावून, पक्षी न घेताच आम्ही निघालो.

आत्ता ऑनलाइन त्याची जाहिरात दिसली: “चार हेल्दी पिल्लं. आजच बुक करा.”

फोटोत चौथ्याचे पाय तेवढे दिसत नाहीत.

त्याखाली खरं काय ते मी लिहिणार आहे. तुम्ही गप्प बसला असतात?