काउंटरवरून परत आणलेला लॅपटॉप

भावजयीचा लॅपटॉप मी पुण्याच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत नेला होता, हे खरं आहे. तिथल्या माणसांनी तो बघितला आणि काही झालेलं नाही असं सांगितलं, हे खोटं आहे. हे खोटं मी एकदाच बोललो, एका वाक्यात, जेवायला बसताना. पुढे वर्षभर मला ते पुन्हा बोलावं लागलं नाही. घरातली बाकीची माणसंच माझ्या वतीने बोलत राहिली.

मी दौंडला रेल्वेत आहे, स्टोअरमध्ये. लग्न केलं नाही. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये एकटा राहतो. आई, धाकटा भाऊ आणि त्याची बायको शिरूरला असतात. सुट्टीला मी मोटारसायकलवर न्हावऱ्यावरून घरी जातो. भाऊ कंपनीत शिफ्टला जातो आणि भावजय घरी बसून शिरूरच्या एका प्रेससाठी लग्नपत्रिका बनवते. निमंत्रक कोण, कार्यवाहक किती, कुणाचं नाव कुणाच्या वर, ही सगळी मांडणी तिच्या लॅपटॉपवर होते. नावाची जागा चुकली तर आमच्याकडे भाऊबंद लग्नाला येत नाहीत, त्यामुळे ते काम दिसतं तेवढं सोपं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. मी आणि भावजय एकमेकांशी बोलत नव्हतो. भांडण नव्हतं. मी थोरला दीर, म्हणून तसं. ती नवीन आली तेव्हा मी दिसलो की आत जायची, आणि मी दारात खोकून घरात शिरायचो. पुढे तिचं आत जाणं थांबलं, माझं खोकणंही थांबलं, पण बोलणं आईमार्फतच राहिलं. तिघंही एकाच खोलीत असायचो. ती म्हणायची, "आत्या, दादांना भाकरी वाढू का विचारा." आई माझ्याकडे वळायची, "भाकरी वाढू का म्हनती." मी आईला म्हणायचो, "अर्धी." आई तिला, "अर्धी दे." भाऊ हसायचा. "तुमचं ह्ये दौंड टेशनावरच्या अनाउन्समेंटवानी हाय. गाडी एकच, सांगायची तीनदा."

शेजारीपाजारी आता हे कुणी पाळत नाही. आमच्याकडे हा नियम कुणी केला, ते मला माहीत नव्हतं आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

लॅपटॉप घेऊन अकरा महिने झाले, तेव्हा तो उघडताना उजव्या कोपऱ्यातून कट्ट असा आवाज येऊ लागला. झाकणाच्या कडेला नख जाईल एवढी फट पडली. भावजय म्हणाली, "आत्या, दादा ऑफिसचे कागद घेऊन पुण्याला जातात ना, तेव्हा दाखवून आणतील का विचारा. वॉरंटी अजून महिनाभर आहे." मी ऐकलंच होतं. तरी आईने सांगेपर्यंत थांबलो आणि मग "आणतो" म्हणालो. तिने बिल प्लॅस्टिकच्या फाइलीत घालून दिलं आणि लॅपटॉप जुन्या ओढणीत गुंडाळला.

दौंडहून डेमूने गेलो, लॅपटॉप सगळा वेळ मांडीवर. सर्व्हिस सेंटर दुसऱ्या मजल्यावर होतं. टोकन घेतलं, नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने झाकण उघडलं, तोच आवाज झाला आणि ती लगेच म्हणाली, "हां, हिंजचा प्रॉब्लेम आहे. ठेवून जावा लागेल. पासवर्ड सांगा सर, आणि डेटाचा बॅकअप घेतलाय ना?"

पासवर्ड मला माहीत नव्हता. बॅकअप घेतलाय की नाही, तेही माहीत नव्हतं. "घरी फोन करून विचारा ना," ती म्हणाली. अगदी साधी गोष्ट.

भावाला लावला. कंपनीत मोबाइल गेटवर जमा करतात, त्याने उचलला नाही. आईला लावावा तर पासवर्डमध्ये इंग्रजी अक्षरं असणार, आकडे असणार. ते आईच्या तोंडून माझ्यापर्यंत कसं पोचणार? भावजयीचा नंबर माझ्याकडे होता, पण कधी लावला नव्हता. तो स्क्रीनवर आणला आणि तसाच उभा राहिलो. तिने उचलला तर सुरुवात काय करायची? हाक काय मारायची? इतक्या वर्षांत मी तिला कशानेच हाक मारली नव्हती. तोवर त्या मुलीने पुढचं टोकन पुकारलं होतं. मी लॅपटॉप पुन्हा ओढणीत गुंडाळला, "फोन लागत नाही, परत येतो" म्हणालो, खाली जाऊन चहा प्यालो आणि स्टेशनवर आलो. काउंटरवर माझा काही कागद झाला नव्हता, कसली नोंद झाली नव्हती.

इथपर्यंतचं मला एक वेळ समजतं. पुढचं समजत नाही. घरी आईने विचारलं, "काय म्हनले रं?" 'पासवर्ड नव्हता म्हणून राहिलं, पुढच्या खेपेला नेतो', एवढंच सांगायचं होतं. कुणी एका शब्दाने बोललं नसतं. ओठावरही तेच होतं. आणि मी म्हणालो, "बघितलं त्यांनी. नवीन हाय म्हणून आवाज येतो म्हणाले. काय झालं न्हाई."

भावजय चुलीशी होती. तिथल्यांनी काही कागद दिला का, एवढं तिने विचारलं असतं तरी मी सापडलो असतो. पण विचारायचं तर आईमार्फत, आणि थोरल्या दिराला असं विचारायचं म्हणजे संशय घेतल्यासारखं. तिने विचारलं नाही. त्या महिन्यात मी आणखी दोनदा पुण्याला गेलो, रिकाम्या हाताने.

वॉरंटी संपली आणि तीन आठवड्यांनी बिजागरी तुटली. रविवार होता, मी बाहेरच्या खोलीत होतो. काडकन आवाज झाला. जाऊन पाहिलं तर झाकणाचं प्लॅस्टिक फाटून बिजागरीचं लोखंड बाहेर आलं होतं आणि स्क्रीन एका अंगाला लोंबत होता.

"आपटला असंल," आई म्हणाली.

"हळू उघडायला काय व्हतं?" भाऊ म्हणाला.

"मी दोन्ही हातांनी उघडत होते," भावजय म्हणाली. ते खरं होतं. आवाज यायला लागल्यापासून ती ते झाकण दोन्ही हातांनीच उघडायची, तान्ह्या बाळाचं डोकं उचलावं तसं. मी ते पाहिलेलं होतं.

आणि तरी मी म्हणालो, "आई, तिला सांग, वस्तू जपून वापरावी." आईने सांगितलं. हे वाक्य मी का बोललो? कुणी मला विचारत नव्हतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. गप्प बसणं तर मला येतं.

मग तिने लॅपटॉपच्या कंपनीला फोन लावायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं एकच, वॉरंटीत असताना तक्रार नोंदवलेली असती तर फुकट करून दिलं असतं, पण तशी नोंद नाही. फोन स्पीकरवर होता आणि मी समोर पेपर धरून बसलो होतो. "नोंद नाही कशी?" ती म्हणाली. "आमचे दादा स्वतः घेऊन आले होते. ते खोटं बोलणारे नाहीत. तुम्ही खोटारड्या आहात." पलीकडची बाई शांतपणे तेच ते सांगत राहिली. मी पेपराचं पान उलटलं.

लग्नसराई तोंडावर होती. स्क्रीन पिठाच्या डब्याला टेकवून ती काम करायची, मधेच तो काळा पडायचा. प्रेसवाल्याने दोन पत्रिका दुसरीकडे दिल्या. आई गल्लीत सांगायची, "आमच्या सूनबाईच्या हाताला काय टिकत न्हाई."

शेवटी मीच तो दौंडला नेला. स्टेशनजवळ रिपेअरिंगचं दुकान आहे, माझ्याच वयाचे मामू बसतात तिथं. त्यांनी पाठीमागचं झाकण काढून मला दाखवलं.

"साहेब, ही बिजागरी नाय, कुस्ती हाय. हिकडं लोखंड, तिकडं प्लॅस्टिक. लोखंड घट्ट झालं की रोज थोडं थोडं दाबतंय त्याला. कवा ना कवा चीत व्हनारच."

"म्हणजे वापरणाऱ्याची चूक नाही?"

"त्याची कसली चूक? ह्यो मॉडेल महिन्याला दोन येत्यात माझ्याकडं."

मला इतकं हलकं वाटलं की मी स्टुलावर बसलो. तेवढ्यात ते म्हणाले, "पर आवाज आला तवाच आनला आसता, तर धा मिन्टात ढिला करून दिला आसता. तवा का नाय आनला?"

"राहून गेलं."

"राहतंच," ते म्हणाले आणि प्लॅस्टिकला भोकं पाडून आरपार बोल्ट मारले. "दिसाय वंगाळ दिसंल, पर आता तुमच्या रेल्वेवानी झालं."

लॅपटॉप चालू झाला. प्रकरण मिटलं असं मला वाटलं, पण भावजयीचं मिटलं नव्हतं. दुरुस्ती तर झालीच होती, तिला कंपनीकडून पैसे वगैरे नको होते. कंपनीची चूक ठरली असती तर घरात आणि गल्लीत तिची चूक उरली नसती, आणि दादांना कुणी खोटं ठरवलं हेही तिला सहन होत नव्हतं. शिरूरच्या एका वकिलाला विचारून तिने ग्राहक मंचाकडे द्यायचा अर्ज तयार केला. त्याला माझं सहीचं निवेदन जोडायचं होतं.

दुपारची जेवणं झाली होती. आईने कागद आणि पेन पुढे केलं. "सही कर म्हनती."

पत्रिकेवर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ज्या अक्षरात ती छापते, त्याच सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'सदर कर्मचाऱ्याने लॅपटॉप तपासून त्यात कोणताही दोष नसल्याचे मला सांगितले.' काउंटरवरच्या मुलीने तर पहिल्याच आवाजाला दोष सांगितला होता. माझं वाक्य आता तिच्या तोंडी जाणार होतं, खाली माझी सही.

"आई, तिला सांग," मी सवयीने सुरुवात केली आणि थांबलो. हे आईच्या हाती पाठवण्यासारखं नव्हतं. मी भावजयीकडे वळलो, मान मात्र खालीच होती.

"मी दिलाच नव्हता तो. काउंटरवर त्यांनी पासवर्ड विचारला, मला माहीत नव्हता, म्हणून परत आणला. काही झालं नाही असं त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मीच बोललो."

"दादा, आसं कसं?" भाऊ म्हणाला.

"आरं, मंग पासवर्ड इचारायचा व्हता की तिला," आई म्हणाली.

"तिला फोन कसा करायचा म्हणून..."

"म्हंजी? मी कवा नगं म्हनलं?"

"आई, तुझ्यामुळंच तर बोलत न्हाईत ही दोघं," भाऊ म्हणाला.

"माज्यामुळं? मला वाटलं, ह्येलाच आवडत न्हाई. म्हनून मी आपली मधी मधी."

म्हणजे नियम आईचा नव्हताच. मग कुणाचा? मी भावजयीकडे पाहिलं. तिने कागद उचलून त्याची घडी घातली.

"आत्या, दादांना सांगा," ती म्हणाली, "वर्षभर मला सगळ्यांनी धांदरट म्हटलं. त्यांनी पण म्हटलं."

आई माझ्याकडे वळली नाही. हे वाक्य तिने पुढे पाठवलंच नाही.

"आणि मी त्या फोनवरच्या बाईला खोटारडी म्हणाले. आता त्यांनी फोन लावावा आणि खरं सांगावं." तिने नंबर लावून, स्पीकर चालू करून फोन माझ्यापुढे ठेवला.

या खेपेला एका पुरुषाने उचलला, हिंदीत. "क्या शिकायत है, सर?"

"शिकायत नहीं है," मी म्हणालो. "पहले जो शिकायत किया था, वो झूठ था."

"प्रॉडक्ट में क्या प्रॉब्लेम है, सर?"

"प्रॉडक्ट टूटा था. अब ठीक है. झूठ हमारा था. आपकी मॅडम को सॉरी बोलना है."

"कौन सी मॅडम, सर?"

कुठली मॅडम, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. "सर, सॉरी का ऑप्शन नहीं है इसमें. कंप्लेंट बंद कर दूँ?" भावाला हसू फुटलं, त्याने तोंडावर हात धरला.

मी सवयीने आईकडे पाहिलं. आईने भावजयीकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं.

"माझ्याकडे नका बघू," ती मला म्हणाली, मला, सरळ. "तुमचं तुम्ही सांगा."

"कर दो," मी म्हणालो. त्याने आभार मानले आणि सेवा कशी वाटली, त्यासाठी एक ते पाचमधला आकडा दाबायला सांगितलं. मी पाच दाबला.

अर्ज दिला गेला नाही. पुढच्या सुट्टीला शेजारीण आली असताना आई आपणहून म्हणाली, "लॅपटॉपचा घोळ आमच्या थोरल्याचा व्हता. सूनबाईनं काय केलं न्हाई." भावजय तिथंच पत्रिका जुळवत बसली होती. तिने मान वर केली नाही.

आता ती माझ्याशी थेट बोलते. "दादा, चहा." "दादा, गाडी आत घ्या." आईला मधे पडावं लागत नाही. पण आईमार्फत बोलायची तेव्हा ती जास्त बोलायची. दादांचा गुडघा कसा आहे विचारा, डबा वेळेवर मिळतो का विचारा, न्हावऱ्याजवळ रस्ता खराब झालाय, जपून जा म्हणावं. आता ते काही येत नाही. चहा, गाडी, भाकरी, एवढंच. ती माझ्या जवळ आली की लांब गेली, हे मला ठरवता येत नाही, आणि हे कुणाला विचारायचं, तेही कळत नाही.