हार्लन विकची चकती

टायरांची अदलाबदल करून घ्यायला जायचं असलं की हार्लन विक आदल्या दिवशी घरीच टायरच्या आतल्या बाजूला खडूची बारीक खूण करून ठेवायचा. गॅरेजवाल्याने खरंच टायर हलवले की नुसताच हात फिरवला, हे कळायला हवं ना! अंडी घेताना खोकं उघडून एकेक अंडं उलटं करून बघायचा. पाद्रीबुवांनी प्रवचन लवकर आटोपलं, की आज यांना कुठेतरी जेवणाचं बोलावणं आहे, असं तो बायकोच्या कानात पुटपुटायचा. 'हार्लनचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही,' असं गावात म्हणत. हार्लनला त्यात काही निंदा वाटत नसे. सावली पाठीमागून येते, तिच्यावर नजर ठेवायलाच हवी.

खडूची ती खूण गॅरेजवाल्या गस ओलासोला पुरती ठाऊक होती. काम झालं की तो शेजारी खडूनेच जीभ बाहेर काढलेलं एक तोंड काढून ठेवायचा. गस स्पेनकडून आलेल्या बास्क मेंढपाळांच्या घरातला, हार्लनच्याच वयाचा. दोघं एका शाळेत शिकले, एकाच मुलीच्या मागे लागले आणि दोघांनाही तिने हाकललं. अशी दोस्ती सहसा तुटत नाही.

गसचा स्वभाव मात्र उलटा. बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याशी मे महिन्यात वासरांना तापल्या लोखंडाने मालकीचा डाग द्यायचे दिवस आले की शेजारीपाजारी एकमेकांच्या रानावर जातात. मजुरी कुणी घेत नाही, जेवण मात्र घरधनिणीने दणकून घालायचं. कुणाला बोलवायचं राहिलं, तर ते 'राहिलं' असं कुणी मानत नाही. संबंध संपला असंच समजतात. विकांच्या रानावर घोड्यावरून वासरांना दोराचा फास टाकायचा पहिला मान गसचा. गावात राहणाऱ्या गसकडे घोडा नव्हता, म्हणून हार्लन आपल्या बिस्किट नावाच्या तांबड्या घोड्यावर खोगीर चढवून, ते सरकू नये म्हणून पोटाखालून बांधायचा तंग कसून तयार ठेवायचा. गस यायचा, रिकिबीत पाय घालायचा आणि स्वार व्हायचा. खोगिराचा तंग कसलाय की नाही, हे त्याने आजवर एकदाही वाकून बघितलं नव्हतं. हार्लनला हे बघून दर वर्षी आश्चर्य वाटायचं, थोडी कीवही यायची.

या वर्षी भानगड ट्रकने केली. हार्लनचा नवा पिकअप टर्बोचा. सपाटीवर लोण्यासारखा चालायचा, पण मागे ट्रेलर लावून चढणीला घातला की आचके द्यायचा. गसने बॉनेट उघडलं आणि सांगितलं, "स्पार्क प्लग संपलेत."

"इतक्यात? माझ्या जुन्या ट्रकला ते जन्मभर पुरले."

"जुन्या ट्रकला टर्बो नव्हता, हार्लन. हा प्लग खातो. त्यातून तू सदा ओझं ओढतोस."

गसने प्लग बदलले आणि रिवाजाप्रमाणे जुने खोक्यात घालून हार्लनच्या हातात दिले. ट्रक सुतासारखा सरळ झाला. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. हार्लन घरी आला तो ते खोकं मांडीवर घेऊन बसला. जुने प्लग त्याला चांगले धडधाकट दिसत होते. हे आपल्याच ट्रकचे कशावरून? आणि आत नवे घातलेत तरी कशावरून?

सकाळी इंजिन गार असताना त्याने शेडमध्ये बॉनेट उघडलं. प्लगांवर बसवलेल्या, वीज पुरवणाऱ्या कॉइल उपसल्या, खाचांमधली धूळ फुंकली आणि एक प्लग बाहेर काढला. नवा कोरा. शहाण्या माणसाने तिथेच बॉनेट मिटलं असतं. पण हार्लनच्या किल्ल्यांच्या जुडग्यात गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाची ठिणगी पडायची फट, मोजायची एक पितळी चकती होती, कडेने जाड होत जाणारी. वडिलांची. ट्रॅक्टर असो की ट्रक, प्लग बसवण्याआधी गॅप या चकतीवर लावून घ्यायचा, हे वडिलांनी त्याला कान धरून शिकवलं होतं. वडिलांनी कानशीने केलेल्या खुणेपर्यंत चकती आत जायला हवी. ती अर्ध्या वाटेतच अडली.

"बघ!" हार्लन मोठ्याने म्हणाला. शेडमध्ये मांजराशिवाय कुणी नव्हतं. "खोक्यातून काढले आणि तसेच ठोकले! गॅपही लावला नाही बेट्याने."

सगळे प्लग काढून त्याने गॅप वाढवला, वडिलांच्या खुणेला बरोबर लावला आणि परत बसवले. गसचं अर्धवट राहिलेलं काम आपण पुरं केलं, याचं त्याला समाधानही वाटलं. डोरीनने, त्याच्या बायकोने, विचारलं, "एवढा वेळ काय करत होतास?" तर म्हणाला, "साफसफाई."

त्याच आठवड्यात कुंपणाचे खांब आणि गुरांसाठी मिठाच्या विटा घेऊन तो डोंगरावर निघाला. पहिल्या नागमोडी वळणावर ट्रकने असा गचका दिला, की त्याचे दात वाजले. इंजिनाचा दिवा डोळे मिचकावायला लागला. ट्रेलर मागे ओढायला लागला, खाली दरी. हार्लनने ब्रेक दाबून धरला. जीव मुठीत धरून तो ट्रक कसाबसा फिरवून खाली घेऊन आला. गुरं डोंगरावरच्या कुरणात चढवायचे दिवस तोंडावर आले होते.

खाली येईपर्यंत त्याच्या डोक्यात सगळा कट उलगडला होता. प्लग नवे दिसत होते, पण माल हलका. म्हणजे आता गस म्हणणार, कॉइल बदल. मग म्हणणार, टर्बो बदल. प्लग देताना तो हसला होता ना? का हसला होता? चाळीस वर्षं हा माणूस हसतोच आहे, आणि आपण कधी विचारलं नाही.

पोटात ठेवलं असतं तर निभावलं असतं. पण हार्लन कॅफेत गेला आणि भरल्या टेबलावर म्हणाला, "गसकडून गाडी आणलीत तर नटबोल्ट मोजून घ्या." एकाने कॉफीत साखर घातली आणि ढवळतच राहिला. हार्लनला वाटलं, यांनाही पटलेलं दिसतंय.

घरी डोरीन फोन घेऊन बसली होती, शनिवारच्या डागणीसाठी एकेकाला बोलावत. हार्लन म्हणाला, "गसला करू नकोस."

तिने फोन खाली ठेवला. "काय म्हणालास?"

"चोर आहे तो."

"तो चोर? तुझ्या घोड्यावर डोळे मिटून बसणारा?"

"तुला गाड्यांतलं काय कळतं?"

"गाड्यांतलं नाही कळत. तुझ्यातलं कळतं. लग्नाच्या वेळी माझे दात तपासले होतेस का रे?"

"तुझ्या आईला विचारलं होतं," हार्लन म्हणाला. डोरीनला एरवी हसू आलं असतं. ती उठून आत गेली.

लहान गावात शब्दाला पाय फुटतात. शुक्रवारी दुपारी गसची गाडी अंगणात येऊन उभी राहिली. बोलावणं नव्हतं, तरी आला. राम राम नाही, हात मिळवणं नाही. "बॉनेट उघड," एवढंच म्हणाला.

हार्लन त्याच्या हातांवर नजर ठेवून उभा राहिला. गसने एक कॉइल उपसली, प्लग काढला, उजेडात धरला, खिशातली सपाट पट्टी त्याच्या फटीत घालून बघितली. मग दुसरा काढला.

"हार्लन, वाऱ्यात काडी पेटवायची तर हात कसा धरतोस?"

"जवळ. हा काय प्रश्न झाला?"

"टर्बो आत वारा कोंबतो. ओझं घेऊन चढणीला लागलास की आणखी कोंबतो. ठिणगीला लांब उडी मारायला लावलीस तर ती विझते. म्हणून या इंजिनाचा गॅप बारीक. मी मोजूनच बसवले होते." त्याने प्लग पुढे केला. "कुणीतरी हे उघडून गॅप वाढवलाय. तुझा कुणावर संशय?"

अख्ख्या तालुक्यावर संशय घेणारा हार्लन विक, पण त्या वेळी त्याला एक नाव सुचेना. किल्ल्यांचं जुडगं त्याच्या पट्ट्याला लटकत होतं. गसने तिकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. ते हार्लनला जास्त लागलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा काखेत ठेवून त्याने गावभर दवंडी पिटली होती.

"वडिलांच्या खुणेला लावले मी," तो शेवटी म्हणाला.

"वडिलांच्या ट्रकला ती खूण बरोबर होती," गस म्हणाला आणि वाकून कामाला लागला. गॅप कमी करून सगळे प्लग बसवले, हात पुसले.

"गस, उद्या डागणी आहे. येशील ना?"

"बघू."

शनिवारी गस आला, सगळ्यांच्या शेवटी. आग पेटली होती, लोखंडं तापत होती, कॅफेतलं ते टेबल जवळजवळ सगळंच कुंपणाशी उभं होतं. हार्लन मधे गेला. टोपी काढली. "गसबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं. ट्रक मी बिघडवला, आणि त्याने तो दुरुस्त केला," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दोघातिघांनी माना डोलावल्या. डोरीनने डोळे पुसले.

मग त्याने बिस्किटला पुढे आणलं. पहाटे उठून त्याने स्वतः खोगीर चढवलं होतं. गसने लगाम हातात घेतला, घोड्याच्या मानेवर थोपटलं, पाय रिकिबीपर्यंत उचलला, आणि परत खाली ठेवला.

तो वाकला. खोगिराची बाजू वर उचलून त्याने तंगात दोन बोटं घालून बघितली. बक्कल सोडलं, पट्टा पुन्हा ओढला, पुन्हा लावला. ना रागाने, ना दाखवण्यासाठी. सगळे करतात तसंच. मग तो स्वार झाला आणि दोर मोकळा करत वासरांकडे गेला.

तंग घट्टच होता. हार्लनने तो पहाटे तीनदा तपासला होता.