गांधीलमाश्या आणि शॉक

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी आणि माझी थोरली जाऊ डोळखांबजवळच्या आमच्या बांधावर गवत कापत होतो. तिचा विळा झुडपातल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लागला. मला एकच चावली. तिला मानेवर, हातांवर पाच-सहा.

"भाजल्यासारखं व्हतंय गो," म्हणत ती हसलीसुद्धा. पण दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. मग हसू गेलं. "पोट पिळवटतंय. मला काय तरी व्हतंय."

तिला धरून रस्त्यावर आणली. नशिबाने शहापूरला निघालेली जीप थांबली. तिला दम लागला होता, म्हणून मी तिला ताठ बसवून घट्ट धरलं. तिचे हात बर्फासारखे गार, कपाळावर घाम. "ताई, बोल ना," मी म्हणत राहिले. शेवटी तिची मान माझ्या खांद्यावर कलंडली.

वाटेतल्या सरकारी दवाखान्यात आत नेताच सिस्टर ओरडल्या, "आडवी करा आधी!"

"अहो, तिला दम लागलाय. झोपवली तर गुदमरेल!"

"शुद्ध हरपलीय तिची. बसवून ठेवलंत तर डोक्याला रक्त कसं पोचणार? शॉकमध्ये गेलीय ती."

"शॉक? आमी शेतात होतो, तिथं लाइट कुठाय?"

तोवर तिच्या पायांखाली उशा गेल्या. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला, सलाईन भराभर सोडलं. सिस्टर मनगट चाचपून म्हणाल्या, "नाडी लागत नाही." काही मिनिटांनी दुसरं इंजेक्शन दिलं. तिची मुलगी आता शाळेतून येईल, तिला काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

"लागली," सिस्टर एकदम म्हणाल्या. थोड्या वेळाने जावेने डोळे उघडून पाणी मागितलं, तर तेही देऊ दिलं नाही. ठसका लागेल म्हणाल्या.

मग डॉक्टरांनी मला समजावलं. हा विजेचा शॉक नव्हे. माशीच्या विषाने शरीर बिथरतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्ताचा दाब कोसळतो. मेंदूला, काळजाला रक्त पुरत नाही. "दम असेल आणि माणूस शुद्धीत असेल तर बसवलं तरी चालतं. भोवळ आली की आडवंच ठेवायचं." परत त्रास उलटू शकतो, म्हणून तिला शहापूरच्या रुग्णालयात एक दिवस ठेवलं. मी सारखी तिचं मनगट चाचपत होते. तीच वैतागली.

जीपमध्ये मी तिला ताठ धरून बसले होते, हे तिला सांगायला मला दोन-तीन वर्षं लागली.

"मंग? तुला कुनी शिकवलं व्हतं?" एवढंच म्हणाली आणि मिरच्यांची देठं खुडत राहिली.