नियम क्रमांक सात

आमच्या शाळेतल्या आंतरशालेय वादविवाद स्पर्धेचे नियम मी लिहिलेत. एकटीनं. बाकीचा स्टाफ नाश्त्याचं बघतो, बॅनरचं बघतो, आणि नियम म्हटलं की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. माझे वडील इथल्याच फॅक्टरीत दारूगोळ्याच्या कामावर होते. काडेपेटी गेटवर ठेवून आत जायचं, आतलं बाहेर बोलायचं नाही, अशा शिस्तीच्या घरात मी वाढले. नियम पाळला की माणूस संध्याकाळी घरी येतो, एवढंच आम्हाला ठाऊक.

तर नियम असे. विषय आधी कळतो, पण पक्षात बोलायचं की विपक्षात ते वीस मिनिटं आधी चिठ्ठी काढून ठरतं. चार मिनिटं मिळतात. तिसऱ्या मिनिटाला एक घंटी, चौथ्याला दोन, त्यापुढं बोललं की गुण कापले. कागद बघून वाचलं, बाद. शाळेचं नाव, स्वतःचं नाव, ओळख पटेल असं काहीही तोंडातून निघालं, बाद. छातीवर फक्त नंबर. आणि सातवा नियम, माझा लाडका: वक्ता जे बोलतो ते त्याच्या चिठ्ठीचं बोलणं आहे, ते खरं धरून नंतर त्याला कोणी काही विचारायचं नाही. हा काहून घातला? एका वर्षी एका पोरीच्या वाट्याला ‘वृद्धाश्रम चांगले’ ही बाजू आली. बापा, ती अशी काही बोलली की पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या आजोबांनी महिनाभर तिच्याशी अबोला धरला. मी म्हटलं, बस झालं, आता याचा नियमच करते.

आमचं गाव हिंदी मुलखातलं, स्पर्धाही हिंदीतच. गेल्या वर्षीचा विषय होता, ‘सदन की राय में नियम ही हमारी सुरक्षा हैं’. आमच्या शाळेकडून अकरावीतली एक पोरगी उभी होती. आमच्याच कॉलनीतली, मराठी घरातली. घरी मला मावशी म्हणायची, नेपियर टाउनच्या आमच्या शाळेचं फाटक ओलांडलं की मॅडम. तयारी मीच करून घेतली होती. तिच्या हाती विपक्षाची चिठ्ठी आली तेव्हा तिनं ती उघडून वाचली आणि एकदम शांत झाली. मला वाटलं, घाबरली.

ती मंचावर गेली आणि आम्ही पाठ केलेलं एक वाक्यही बोलली नाही. मला असा राग आला! ती म्हणाली, एक व्हॅन आहे. तिचा रंग नियमाप्रमाणे पिवळा आहे, फिटनेसचा कागद काचेवर चिकटवलेला आहे. आणि मागच्या सीटखाली स्वयंपाकाच्या गॅसचा लाल सिलिंडर आहे, कारण गाडी त्याच्यावरच चालते. सिलिंडरवर एक फळी टाकली आहे. फळीवर सगळ्यात लहान मुलीला बसवतात, कारण तिचे पाय खाली पोचत नाहीत. तिच्या बाजूची खिडकी उघडत नाही. रोज वास येतो. मुलं नाकाला रुमाल लावतात आणि अंताक्षरी खेळतात.

मी पहिली घंटी वाजवली. तिचा आवाज बदलला. “उस पटरे पर जो बैठती है, वह सात साल की है,” ती म्हणाली आणि थांबली. माझ्या हातातलं घड्याळ पुढं सरकत होतं. आणि मी मनात काय म्हणत होते? काय रंगवून राहिली पोरगी! शाळेचं नाव नाही, ओळख नाही, सगळं नियमात. “और कल सुबह जब वह…” इतकं ती बोलली आणि चार मिनिटं झाली. मी दोनदा घंटी वाजवली. तिनं वाक्य अर्ध्यावर सोडलं, हात जोडले आणि खाली उतरली.

टाळ्या थांबता थांबेनात. एक परीक्षक म्हणाले, कल्पनाशक्ती असावी तर अशी, अंगावर काटा आला. पहिला नंबर. प्राचार्यांनी स्वतःच्या हातानं शील्ड दिली आणि फोटोसाठी दोनदा दिली.

नंतर पाण्याच्या नळाशी तिनं मला गाठलं. “मावशी, कोणीच काही काहून नाही विचारलं?”

शाळेत मावशी म्हणाली म्हणून मी आधी डोळे वटारले. मग म्हटलं, “अगं, विचारता येत नाही. नियम आहे ना.”

“पण ते खरं आहे.”

“काय खरं?”

“आमची व्हॅन. फळीवर आमची लहानी बसते.”

लहानी म्हणजे तिची बहीण, दुसरीत आमच्याच शाळेत. मी म्हटलं, “चलो, उद्या बघते मी.” वक्तृत्वाची फेरी बाकी होती आणि माझ्या मागं शंभर कामं होती.

दुसऱ्या दिवशी बघितलंही. शाळा सुटताना व्हॅनशी गेले. ड्रायव्हर हसतमुख माणूस, पोरांना हात धरून चढवायचा. “मैडम जी, पेट्रोल की गाड़ी है, कागज़ देख लो.” कागद सगळे बरोबर होते. वास आला. मला आला, आज मी ते लपवणार नाही. पण कागद बरोबर होते, म्हणून मी वाकून सीटखाली बघितलं नाही. त्या पोरीला सांगितलं, लेखी तक्रार दे, वडिलांच्या सहीनं, तोंडी तक्रार चालत नाही. तिचे वडीलही फॅक्टरीतले. सही केली की आपलीच चौकशी लागते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. माझे वडीलही काही वेगळं वागले नसते. कागद आला नाही, आणि मी मागितला नाही.

काही दिवसांनी ती व्हरांड्यात भेटली. मी विचारलं, काय गं, झालं का ते? “हौ,” ती म्हणाली. “फळीवर आता मी बसते. लहानीला दाराजवळ बसवते.” आणि तासाला निघून गेली. मी स्टाफरूममध्ये येऊन चहा घेतला.

मग एका रविवारी गोहलपूरच्या एका वर्कशॉपसमोर त्या व्हॅनला आग लागली. ड्रायव्हर एकटाच आत होता, सिलिंडरची नळी बदलत होता. वाचला, पण दोन्ही हात आणि तोंड भाजलं. पोरं आत नव्हती ती रविवार होता म्हणून. दुसरं काही कारण नाही. मी बघायला गेले तर मागच्या सीटच्या नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या, आणि त्यांच्याखाली फुटलेला लाल पत्रा. मी तेव्हा वाकून बघितलं, आणि बघतच राहिले. कोणीतरी विचारलं, दीदी, आपका कोई था क्या?

सोमवारी प्राचार्यांनी स्टाफ मीटिंग बोलावली. “किसी को कुछ पता था?” सगळे टेबलाकडे बघत होते. त्या हॉलमध्ये टाळ्या वाजवलेले सगळे. मीही टेबलाकडेच बघत होते. मग त्यांनी त्या व्हॅनमधल्या मोठ्या मुलीला बोलावून घेतलं. ती दाराशी येऊन उभी राहिली. सर अगदी मायेनं म्हणाले, “बेटा, तुमने किसी को बताया क्यों नहीं?”

तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मी बोलेन म्हणून थांबली. मग सरांकडे वळली.

“सर, बताया था। उसी पर तो आपने शील्ड दी थी।”

ती उभीच होती, आणि आमच्यातल्या एकानंही तिला बस म्हटलं नाही.